रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंय : ओटीपोटाचं जुनाट दुखणं समजून घेताना



आजच्या व्याख्यानाची पत्रिका छापायला जायच्या आदल्या दिवशी एका कार्यकर्त्यांचा मला फोन आला. जरा चाचरतच म्हणाले, "मॅडम, 'ओटीपोटाचं दुखणं' असंच छापायचं का? 'स्त्रियांचं आरोग्य' म्हटलं तर चालेल?" मी म्हटलं, "अहो, गुडघेदुखीवर व्याख्यान असतं तर तुम्ही 'ज्येष्ठांचं आरोग्य' छापलं असतंत का?" ते हसले आणि त्यांनी विषय आहे तसाच छापला. त्यांचे आभार. कारण ज्या दुखण्याचं नाव घ्यायला आपण कचरतो, ते दुखणं बाई वर्षानुवर्षं अंगावर काढते.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. बोलताना एका बाईंना मनात ठेवूनच बोलणार आहे. त्यांची ओळख पटेल असं काही सांगणार नाही. वय छत्तीस, दोन मुलं, दोन्ही सिझेरियन. खाणावळीत पोळ्या लाटायचं काम. माझ्याकडे आल्या तेव्हा हातात फाइल नव्हती, साडीच्या दुकानाची मोठी पिशवी होती आणि तिच्यात सात वर्षांचे कागद. चार सोनोग्राफ्या, लघवीच्या तपासण्या, अँटिबायोटिकचे कितीतरी कोर्स. बहुतेक कागदांवर एकच निष्कर्ष : नॉर्मल. एका ठिकाणी 'पिशवीला सूज' सांगितलेलं, आणि शेवटच्या चिठ्ठीवर गर्भाशय काढण्याचा सल्ला. त्या म्हणाल्या, "मॅडम, बाकी काही नको. एकच सांगा, पिशवी काढली की हे थांबेल ना?"

मी म्हटलं, "तसं मी आत्ता सांगू शकत नाही."

त्यांना राग आला, आणि तो बरोबरच होता. मी 'हो' का म्हणू शकले नाही आणि मग आम्ही काय केलं, तेच आज सांगायचं आहे.

जुनाट म्हणजे किती जुनं?

बेंबीच्या खाली, दोन्ही कुल्ल्यांच्या हाडांच्या मध्ये जी जागा, तिथलं दुखणं सहा महिने किंवा जास्त काळ टिकलं, सतत असो वा येऊन-जाऊन, आणि त्यामुळे रोजच्या जगण्यात अडथळा येऊ लागला, की त्याला आम्ही जुनाट म्हणतो. ते पाळीपुरतं असेल, संबंधाच्या वेळी असेल, लघवी किंवा शौचाच्या वेळी असेल, नाहीतर कधीही. हे दुर्मीळ नाही. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आपल्या मार्गदर्शिकेत तिथलं प्रमाण साधारण सहा प्रौढ स्त्रियांत एक असं दिलं आहे. म्हणजे दमा किंवा कंबरदुखी यांच्या पंक्तीत बसणारी गोष्ट आहे ही. फरक इतकाच, की कंबर दुखते हे बाई चारचौघांत सांगते, हे सांगत नाही.

एक वाडा, अनेक बिऱ्हाडं

आपल्याकडे ओटीपोट दुखलं की पहिला संशय गर्भाशयावर. पण ओटीपोट हा जुन्या वाड्यासारखा आहे. त्यात एकटं गर्भाशय राहत नाही. शेजारी बीजकोश, पुढे मूत्राशय, मागे मोठं आतडं, तळाला स्नायूंची झोळी, समोर पोटाची भिंत, आणि या सगळ्यांतून जाणाऱ्या नसा. आता कल्पना करा, या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून दाराची घंटा एकच आहे. घंटा वाजली की वर मेंदूला कळतं, कोणीतरी आलंय. कोणाकडे आलंय ते नक्की कळत नाही. ही नुसती उपमा नव्हे. गर्भाशय, मूत्राशय आणि आतडं यांच्याकडून येणाऱ्या नसा मज्जारज्जूत जवळजवळ त्याच पातळ्यांवर शिरतात, तिथे संदेशांची सरमिसळ होते. म्हणून मूत्राशयाचं दुखणं 'पिशवीचं' वाटतं, आणि पाळीच्या दिवसांत पोटही बिघडतं.

बिऱ्हाडांची थोडी ओळख करून घेऊ.

पहिलं एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, म्हणजे बीजकोशावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर किंवा आतड्यावर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातल्या साधारण दहा टक्के स्त्रियांना हा आजार असतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. नेहमीच्या सोनोग्राफीत बीजकोशातली गाठ दिसते, पण पडद्यावरचे बारीक ठिपके बहुधा दिसत नाहीत. आणि आजार किती पसरलाय व दुखतं किती, यांचा मेळ लागत नाही. थोड्या ठिपक्यांनी बाई लोळण घेते, आणि कधी मोठी गाठ असूनही दुखत नाही.

त्याचाच भाऊबंद अ‍ॅडेनोमायोसिस. तेच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरतं, पाळी जास्त जाते आणि जास्त दुखते. मग जंतुसंसर्गामुळे नळ्यांना येणारी सूज. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोगही विसरून चालत नाही. तो गुपचूप असतो आणि पुष्कळदा मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच सापडतो.

मूत्राशयाचं दुखणं असं : मूत्राशय भरत आलं की दुखतं, लघवी झाली की थोडा आराम, तपासणीत जंतू नाहीत. जंतू नसताना अँटिबायोटिक देऊन उपयोग काय? पण दिलं जातं. आतड्याचं दुखणं म्हणजे बद्धकोष्ठ, किंवा ज्याला आयबीएस म्हणतात ते.

आणि दोन बिऱ्हाडं अशी, की त्यांचं दार क्वचितच कोणी ठोठावतं. एक, तळाचे स्नायू. वर्षानुवर्षं दुखण्याच्या भीतीने आवळून धरलेले हे स्नायू स्वतःच दुखायला लागतात, जशी मान आखडते तसेच. दुसरं, पोटाची भिंत. सिझेरियनच्या टाक्याच्या टोकाशी एखादी बारीक नस अडकून राहते. बोट ठेवून दाखवता येईल इतक्या जागेत दुखतं. सोनोग्राफीला ती नस सहसा दिसत नाही.

ठेचा खाल्लेली जीभ

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. दुखणं महिनोन्‌महिने चाललं की आणखी एक गोष्ट घडते.

तुम्ही झणझणीत ठेचा खाल्लाय आणि लगेच कोमट चहाचा घोट घेतलात, तर काय होतं? जीभ पोळते. चहा गरम आहे का? नाही. थर्मामीटर लावा, रिपोर्ट नॉर्मल! मग पोळणं खोटं का? तेही नाही. मिरचीतल्या द्रव्याने जिभेतल्या उष्णता ओळखणाऱ्या नसांचा उंबरठा खाली आणलाय. एरवी ज्याची दखलही घेतली नसती, ते आता भाजल्यासारखं वाटतंय.

जुनाट दुखण्यात मज्जासंस्थेत असाच उंबरठा खाली येतो. जिभेचा काही वेळाने पूर्ववत होतो, इथे तो खालीच राहतो. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी मांडलं, की वेदनेचा संदेश तारेतून जसाच्या तसा मेंदूत जात नाही. मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं, ते कमी-जास्त उघडतं. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं, की इजा झाल्यावर खुद्द मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त संवेदनशील होतात. मूळ कारण ओसरलं, तरी घंटा वाजत राहू शकते. भरलेलं मूत्राशय, गॅस, साडीची नाडी यांनीही दुखतं. झोप कमी झाली, ताण वाढला, की फाटक आणखी उघडतं.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणजे 'मनाचं दुखणं', म्हणजेच 'नाटक'. मंडळी, ताणामुळे दुखणं वाढतं याचा अर्थ ते काल्पनिक आहे असा होत नाही. ताणाने रक्तदाबही वाढतो, त्याला कोणी नाटक म्हणत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. सोबतच्या टिपणांत त्यांनी म्हटलं आहे, की माणूस आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा आदर व्हायला हवा. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ एवढाच, की त्या यंत्राला जे दिसू शकतं ते तिथे नाही.

पिशवी काढून टाका

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे. गर्भाशय काढल्याने दुखणं थांबतं का? ते गर्भाशयातूनच येत असेल, मुलं झालेली असतील, इतर उपचार करून झाले असतील, तर पुष्कळ जणींना खरंच आराम पडतो. या शस्त्रक्रियेच्या मी विरोधात नाही, मी स्वतः करते. पण घंटा भलत्याच बिऱ्हाडाची असेल, किंवा मज्जासंस्थेचा उंबरठाच खाली आलेला असेल, तर पिशवी जाते आणि दुखणं राहतं. बीजकोशही काढले असतील तर अकाली पाळी बंद होते. हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगातून वाफा येतात.

आपल्या महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बातम्या आल्या, सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यांत कितीतरी चाळिशीच्या आतल्या. त्यांच्या तक्रारी काय होत्या? पोटात दुखतं, कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं. उचल घेतलेली, एक दिवस कामावर गेलं नाही तर खाड्याचे पैसे कापले जातात, फडात संडास नाही, पाणी नाही. त्यात कोणी 'पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल' असं सांगितलं, तर ती बाई काय करेल? दुखणं नीट समजून न घेण्याची किंमत अशी मोजावी लागते, आणि ती सगळ्यात गरीब बाई मोजते.

मग तपासायचं कसं?

पहिलं यंत्र म्हणजे कान. कधी सुरू झालं, कशाने वाढतं, पाळीशी संबंध आहे का, लघवी-शौचाशी आहे का, झोप कशी आहे, घरात कोणी त्रास देतं का. या प्रश्नांना वेळ लागतो, पण चार सोनोग्राफ्यांपेक्षा खर्च कमी येतो.

दुसरं, बोट. बाईला उताणं झोपवून दुखऱ्या जागी बोट ठेवायचं आणि तिला डोकं-खांदे किंचित उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू ताठ होतात, आतले अवयव झाकले जातात. दुखणं आतलं असेल तर या वेळी कमी होतं. तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर ते पोटाच्या भिंतीतलं असण्याची शक्यता जास्त. कार्नेट यांनी ही चाचणी १९२६ मध्ये सांगितली. एक रुपया खर्च नाही, तरी ती करायची राहून जाते. तसंच तळाचे स्नायू एका बोटाने, बाईची परवानगी घेऊन आणि सांगून-सवरून तपासता येतात.

सोनोग्राफी हवीच, गरजेप्रमाणे एमआरआयही. दुर्बिणीने पोटात पाहण्याची तपासणी सर्वांनाच लागते असं नाही. नेदरलँड्समध्ये १०६ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात नेहमीप्रमाणे आधी शारीरिक कारणं शोधली आणि सर्वांची दुर्बिणीने तपासणी केली. दुसऱ्या गटात पहिल्या दिवसापासून शरीर, मन, आहार, हालचाल या सगळ्यांकडे एकत्र लक्ष दिलं. दुसऱ्या गटाला जास्त आराम पडला.

उपचार : एक गोळी नव्हे, चार हात

दुखणं पाळीशी जोडलेलं असेल तर हार्मोनच्या गोळ्या, डायनोजेस्ट, किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन यांनी चांगला आराम पडतो. संसर्ग असेल तर अँटिबायोटिक, क्षय असेल तर क्षयाची पूर्ण औषधं. अडकलेल्या नसेला भूल देणारं इंजेक्शन कधीकधी जादू केल्यासारखं काम करतं. साध्या वेदनाशामक गोळ्या पाळीच्या दिवसांत ठीक, पण वर्षभर रोज स्वतःच्या मनाने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात.

उंबरठा वर आणायला कधी अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखं औषध अगदी कमी मात्रेत देतात. मेडिकलवाला सांगतो, "हे डिप्रेशनचं आहे," आणि बाई ते बंद करते. मात्रा वेगळी, काम वेगळं. आम्ही डॉक्टरांनीच ते आधी सांगायला हवं. मात्र नसांवरचं प्रत्येक औषध इथे चालतं असंही नाही. गॅबापेंटिनची ब्रिटनमध्ये ३०६ स्त्रियांवर चाचणी झाली. दुर्बिणीने तपासूनही ज्यांच्यात कारण सापडलं नव्हतं, अशा या स्त्रिया. २०२० मध्ये निष्कर्ष आला : खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा नाही, उलट त्रास जास्त.

आता घरी करण्याजोगं.

एक, नोंद. कालनिर्णयच्या पानावर दूध आणि सिलिंडर लिहिताच, तिथेच दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा लिहा. पाळी, पोट साफ झालं का, झोप किती, हेही. दोन महिन्यांत नमुना दिसायला लागतो.

दोन, श्वास. उताणं झोपून, गुडघे वाकवून, हात पोटावर. श्वास घेताना पोट फुगू द्या, तळ सैल सोडा. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. हे शिकवणारे फिजिओथेरपिस्ट आता मोठ्या शहरांत मिळतात.

तीन, पोट साफ ठेवणं. पाणी, भाज्या, आणि कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल. कुंथायचं नाही.

चार, कामाची विभागणी. बरं वाटलं त्या दिवशी सगळं घर धुऊन काढायचं आणि पुढचे चार दिवस आडवं पडायचं, असं करू नका. रोज थोडं, पण रोज. चालणंही तसंच.

पाच, शेक आणि झोप. दोन्ही स्वस्त, दोन्ही खरे उपाय.

आणि सहावं नवऱ्यांसाठी. संबंधाच्या वेळी दुखतं म्हणाली तर थांबा. सोसून केलेल्या प्रत्येक वेळी ते स्नायू आणखी आवळायला शिकतात.

वाट पाहू नका

काही लक्षणं दिसली तर नोंदवही बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टरकडे जा. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव, संबंधानंतर रक्त, कारण नसताना वजन घटणं, पोटात गोळा लागणं किंवा पोट सतत फुगलेलं राहणं, शौचातून रक्त, ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव. आणि पाळी चुकलेली असताना अचानक जोरात दुखलं, चक्कर आली, तर त्याच क्षणी दवाखाना. गर्भ नळीत असू शकतो.

त्या बाईंचं काय झालं?

त्यांचं दुखणं दोन बिऱ्हाडांतून येत होतं : टाक्याच्या डाव्या टोकाची नस आणि आवळलेले तळाचे स्नायू. जोडीला जुना बद्धकोष्ठ. गर्भाशयात मला काही सापडलं नाही. दोन इंजेक्शनं, व्यायाम, श्वास, खाण्यात बदल. सहा महिन्यांनी आल्या तेव्हा त्यांच्या कालनिर्णयवर आठचे आकडे कमी होऊन तीन-चारचे जास्त झाले होते. शून्य नव्हे. पाळीच्या आधी अजून दुखतं. पण त्या उभं राहून पोळ्या लाटतात, आणि पुढे कधी दुखणं वाढलं तर काय करायचं ते त्यांना माहीत आहे. जाताना म्हणाल्या, "दुखतं तेव्हा आता भीती नाही वाटत. आत काय चाललंय ते कळतं." माझ्या मते निम्मा उपचार तोच होता.

श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी काही

*माझी मुलगी नववीत आहे. पाळीत शाळा बुडते. आमच्या वेळीही दुखायचंच की!*

थोडं दुखणं ठीक. पण शाळा बुडत असेल, साध्या गोळीने थांबत नसेल, तर 'लग्नानंतर बरं होईल' म्हणून सोडू नका, दाखवून घ्या. एंडोमेट्रिओसिसचं निदान व्हायला बऱ्याचदा कित्येक वर्षं जातात, आणि ती वर्षं नेमकी या वयापासून मोजायची असतात.

*हे पुरुषांना होतं का?*

होतं. लघवीच्या जागी, वृषणांमागे, बसल्यावर दुखतं, आणि 'प्रोस्टेटला सूज' म्हणून अँटिबायोटिक चालू राहतं. अशा जुनाट दुखण्यांपैकी फार थोड्यांत जंतू सापडतात. स्नायू आणि मज्जासंस्थेची गोष्ट त्यांनाही तशीच लागू आहे. फक्त पुरुष त्याबद्दल बायकांपेक्षाही कमी बोलतात.

*मोबाइलवर बघून मी किगलचे व्यायाम करते. चालेल ना?*

लघवी निसटत असेल, स्नायू सैल असतील, तर उत्तम. पण आधीच आवळलेल्या स्नायूंना आणखी आवळायला लावलं तर दुखणं वाढेल. दुखत असेल तर आधी तपासून घ्या. तुम्हाला आवळायला नव्हे, सैल सोडायला शिकायचं असेल.

आता शेवटचं. पुढच्या वेळी घरातली कोणी बाई 'ओटीपोट दुखतंय' म्हणाली, तर पहिला प्रश्न 'रिपोर्टमध्ये काय आलं' हा विचारू नका. 'कधीपासून दुखतंय?' असं विचारा आणि उत्तर संपेपर्यंत ऐका.